घरच्या प्रवाळ-टाकीतलं शेवाळ: आधी ओळखा, मग हात घाला

आमच्या रत्नागिरीकडच्या घरी रस्त्यावरून अंगणात उतरायला जांभ्या दगडाची पाखाडी आहे. जून लागला की पंधरा दिवसांत ती हिरवी होते, पण सगळी नाही. मधला हातभर पट्टा, जिथे दिवसभर माणसांचे आणि गुरांचे पाय पडतात, तो तांबडाच राहतो. कडेच्या दगडावर पाय ठेवलात तर मात्र घसरलातच. पाऊस दोन्हीकडे सारखा पडतो, ऊनही सारखंच. मधलं शेवाळ उगवतं तसं रोज झिजतं, कडेचं कुणी झिजवत नाही, एवढाच फरक.

मी सिंगापूरला राहते. हॉलच्या कोपऱ्यात साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात दोन क्लाउनफिश, एक सफाई करणारी कोळंबी आणि मऊ प्रवाळांचे सात-आठ गुच्छ आहेत. टाकीला आता सात वर्षं झाली. त्यातली पहिली अडीच वर्षं मी शेवाळाच्या मागे हात धुऊन लागले होते, आणि तेव्हा हे पाखाडीचं गणित मला दिसलं नव्हतं. टाकीत शेवाळ उगवणं बंद करता येत नाही. पूर्ण बंद करायला गेलात तर त्याहून वाईट काहीतरी उगवतं. ते उगवेल त्या वेगाने टाकीबाहेर गेलं पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे. पण त्यासाठी समोर नेमकं काय उगवलंय हे आधी कळायला हवं, कारण एकावरचा उपाय दुसऱ्यासाठी खत ठरू शकतो.

समुद्रात शेवाळ का दिसत नाही

निळ्या पाण्यातल्या प्रवाळभित्तींचे फोटो पाहून वाटतं, तिथे शेवाळ उगवतच नसेल. उगवतं, आणि भरपूर उगवतं. दिसत नाही, कारण दिवसभर त्यावर तोंडं चालू असतात. पोपटमासे, सर्जनफिश, गोगलगायी आणि अर्चिन (काटेरी चेंडूसारखे समुद्री जीव) ते सतत खरवडत असतात.

ही तोंडं गेली की काय होतं हे कॅरिबियन समुद्राने दाखवलं. १९८३ च्या सुरुवातीला पनामाच्या किनाऱ्यालगत डायडेमा नावाचे लांब काळ्या काट्यांचे अर्चिन मरायला लागले. रोग प्रवाहाबरोबर पसरत गेला आणि वर्षभरात कॅरिबियनमधले नव्वद टक्क्यांहून जास्त डायडेमा संपले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच अतोनात मासेमारीने कमी झाले होते, १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते, आणि उरलेली भिस्त या अर्चिनवर होती. तेही गेले. जमैकाच्या प्रवाळभित्तींवर १९७७ मध्ये निम्म्याहून थोडा जास्त भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता, तो १९९३ पर्यंत तीन टक्क्यांवर आला. शेवाळ चार टक्क्यांवरून नव्वदच्या वर गेलं. पाण्यातलं खत काही रातोरात वाढलं नव्हतं. पाखाडीवरची वर्दळ थांबली होती.

आपल्या साठ लिटरच्या टाकीत ही वर्दळ पहिल्या दिवसापासूनच नसते. नवा दगड, नवी वाळू, झगझगीत दिवा, आणि खाणारं कुणी नाही. त्यामुळे पहिल्या चार-सहा महिन्यांत टाकी कुरूप दिसतेच. त्यात तुमची चूक नाही, हे मला कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

खत येतं कुठून

शेवाळाला उजेड, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. टाकीत नायट्रोजन मुख्यतः नायट्रेटच्या रूपात फिरतो आणि फॉस्फरस फॉस्फेटच्या. दोन्ही बहुतेक एकाच दारातून आत येतात, ते म्हणजे माशांचं खाणं. मासा खातो, त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की फॉस्फेट पाण्यात उतरतं.

छोट्या टाकीत हे किती झपाट्याने साचतं याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला आणि हबकले. साठ लिटरच्या टाकीत दगड-वाळूची जागा वजा केली तर पाणी पन्नास लिटर. कोरड्या फ्लेक खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस धरा. म्हणजे एका ग्रॅममध्ये दहा मिलिग्रॅम, आणि फॉस्फेटच्या मापात सुमारे तीस मिलिग्रॅम. ते सगळं विरघळलं तर पन्नास लिटरमध्ये फॉस्फेट ०.६ पीपीएमने (म्हणजे लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमने) चढेल. प्रवाळाच्या टाकीत आपण ते ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान ठेवू पाहतो. माझ्या दोन माशांना एक ग्रॅम खाद्य आठवडाभर पुरतं, आणि तेवढ्याने आकडा मर्यादेच्या सहापट होऊ शकतो.

मग टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवतं आणि दगडावर मात्र बोटभर शेवाळ डोलतं, असं कसं? महिन्याच्या तीस तारखेला बँकेत काही शिल्लक नाही म्हणून त्या घरात पगार येत नाही असं आपण म्हणत नाही. किट फक्त पाण्यातली शिल्लक मोजतं. आलं तेवढं शेवाळाने उचललं तर शिल्लक शून्यच दिसणार. म्हणून आकडा वाचताना दगडाकडेही पाहायचं. आकडा शून्य आणि काच, दगड स्वच्छ, याचा अर्थ एक. आकडा शून्य आणि सगळं हिरवं, याचा अर्थ अगदी उलटा.

दुसरं एक गुपित दगडात असतं. टाकीतला दगड बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि फॉस्फेट त्याच्या पृष्ठभागाला धरून बसतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तेव्हा दगड ते मुरवून घेतो, कमी झालं की हळूहळू परत सोडतो. पाणी बदललं, आकडा खाली आला, चार दिवसांनी पुन्हा वर, असं होतं तेव्हा दगड परतफेड करत असतो. कुणाच्या जुन्या टाकीतला दगड फुकटात मिळाला म्हणून आनंदाने आणलात तर त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांचं मुरलेलं फॉस्फेटही येतं. अशा दगडाला महिनोन्महिने वेळ द्यावा लागतो.

पाणी बदलण्याबद्दलही एक साधी गोष्ट. नायट्रेट ४० पीपीएम असेल आणि दहा टक्के पाणी बदललं, तर ते ३६ होतं. एवढंच. पाणी बदलणं चांगलं आहे, मी दर रविवारी पाच लिटर बदलते, पण त्यातून चमत्काराची अपेक्षा करू नका.

कोण कोण येतं

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी बसते, बोट फिरवलं की निघते. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळ. त्यांचं कवच सिलिकेटचं असतं, म्हणून पाण्यातलं आणि नव्या वाळूतलं सिलिकेट संपलं की ते बहुतेक आपोआप ओसरतात. काच पुसा आणि वाट पाहा. यावर औषध आणायला दुकानात धावू नका.

मग येतं केसाळ हिरवं शेवाळ. याच्याशीच बहुतेकांचा सामना होतो, म्हणून जरा थांबू. ते दगडाला मुळाशी घट्ट धरून असतं आणि प्रवाहात केसांसारखं हलतं. वाढलं की त्यात कचरा अडकतो, तो कचरा तिथेच कुजतो, आणि शेवाळाला खत जागेवर मिळतं. म्हणून पहिला उपाय हाताचाच. दगड बाहेर काढता येत असेल तर टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत धरा आणि कडक दातांच्या नव्या टूथब्रशने घासा. ब्रश एकाच दिशेने फिरवला की शेवाळ केस विंचरल्यासारखं एका बाजूला पडतं, मग चिमटीत धरून मुळापासून उपटायचं. उपटताना हाताला बारीक करकर जाणवते, ती मूळ सुटल्याची. नुसता शेंडा तुटला तर हात सहज येतो आणि आठवड्यात ते परत उभं राहतं. दगड टाकीतून निघत नसेल तर बारीक नळीने पाणी ओढत राहायचं आणि नळीच्या तोंडाशीच उपटायचं, म्हणजे तुकडे टाकीत पसरत नाहीत.

उरलेल्या खुंटांवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावून दोन-तीन मिनिटं ठेवून, मग टाकीच्या पाण्याने खळबळून दगड परत ठेवला तर दोन-चार दिवसांत खुंट पांढरे पडतात. हे दगड बाहेर असतानाच करायचं आणि प्रवाळाला लागू द्यायचं नाही. पेरॉक्साइड टाकीत ओतायचा सल्ला काहीजण देतात. माझ्या टाकीत कोळंबी आहे आणि ती त्याला फार नाजूक असते, म्हणून मी तसं कधी केलं नाही.

उपटल्यावर पुढचे चार आठवडे महत्त्वाचे, कारण मोकळी जागा कुणीतरी घेणारच. तिथे गोगलगायींची तोंडं पोचली तर केसाळ शेवाळ पुन्हा वर येत नाही, आणि हळूहळू जांभळट-गुलाबी कोरलाइन शेवाळ पसरतं. हेही शेवाळच, पण दगडासारखं कडक आणि आपल्या बाजूचं. त्याने जागा धरली की इतरांना पाय रोवणं अवघड जातं. टाकीत जांभळे ठिपके दिसायला लागले तेव्हा मला परसात पहिलं जास्वंद फुलल्याइतका आनंद झाला होता.

केसाळ शेवाळासारखंच दिसणारं पण पिसासारखी रचना असणारं, म्हणजे मधे दांडी आणि दोन्ही बाजूंना बारीक काड्या, ते ब्रायॉप्सिस. भिंग घेऊन पाहा. ते गोगलगायी सहसा खात नाहीत आणि उपटून हटत नाही. त्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालतं, साधारण लिटरला पाच मिलिग्रॅम या प्रमाणात, आणि परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या काळात फिल्टरमधला कार्बन काढून ठेवायचा, नाहीतर औषध तोच शोषतो. पण हे शेवटचं पाऊल आणि फक्त ब्रायॉप्सिसची खात्री पटल्यावर. शेवाळ मेलं की त्यातलं सगळं खत पुन्हा पाण्यात येतं, म्हणून औषधाआधीही हाताने निघेल तेवढं काढायचंच.

हिरव्या काचेच्या गोट्यांसारखे चमकदार फुगे दिसले तर ते व्हॅलोनिया. एकेक फुगा म्हणजे एकच पेशी आहे, हे कळलं तेव्हा मी तो काढायच्या आधी बराच वेळ नुसता पाहत बसले होते. न फोडता, बुडाशी नख किंवा छोटा चिमटा घालून अख्खा काढा.

तांबडा-जांभळा, मखमली, सायीसारखा थर वाळूवर पसरला, नळीने ओढला तर चादरीसारखा एका तुकड्यात येतो आणि त्याला कुबट वास येतो, तर ते शेवाळच नाही. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू भरायला लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. त्यांच्यातले बरेच पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन वायूतून आपलं नायट्रोजन स्वतः बनवू शकतात. म्हणून नायट्रेट अगदी खाली आणि फॉस्फेट शिल्लक, अशा टाकीत त्यांचं फावतं. जिथे प्रवाह पोचत नाही त्या कोपऱ्यात ते आधी येतात. पंपाचं तोंड फिरवा, थर नळीने ओढून काढा, खाणं कमी करा, नायट्रेट शून्य असेल तर ते थोडं वर येऊ द्या. बाजारात यावर मिळणारं काही औषध प्रतिजैविक असतं. ते थर साफ करतं खरं, पण सायनो का आले ते कारण तसंच राहतं, आणि कुजणाऱ्या थरामुळे पाण्यातला प्राणवायू एकदम घटू शकतो. मी ते वापरत नाही.

शून्य आकड्याने माझं काय केलं

तिसऱ्या वर्षी केसाळ शेवाळाला कंटाळून मी एका दुकानदाराच्या सल्ल्याने जीएफओ आणलं. लोखंडाच्या ऑक्साइडचे हे तांबूस दाणे फॉस्फेट शोषून घेतात. साठ लिटरला लागतं त्याच्या तिप्पट घातलं, कारण लवकर सुटका हवी होती. खाणं निम्म्यावर आणलं, पाणी आठवड्यात दोनदा बदललं. दहा दिवसांत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, केसाळ शेवाळ फिकट पडून गळायला लागलं. मी वहीत तारीख लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

तीन आठवड्यांनी वाळूवर तपकिरी लाळ दिसली. दुपारी चारला पाहिलं तर दगडांवरून शेंबडासारखे तंतू वर तरंगत होते आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला बुडबुडा होता. रात्री दिवे गेल्यावर बॅटरी मारून पाहिलं तर जवळजवळ काहीच नाही. सकाळी वाळू स्वच्छ. मला वाटलं गेलं, दुपारी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी दोन गोगलगायी वाळूवर उलट्या पडल्या होत्या, शंखाच्या बाहेर लोंबत.

ते डायनोफ्लॅजेलेट होते. दोन शेपट्यांनी पोहणारे एकपेशीय जीव. त्यांच्यातले काही विष तयार करतात आणि त्यांना खाणाऱ्या गोगलगायी मरतात. डायटम, केसाळ शेवाळ, जिवाणू असे त्यांचे सगळे शेजारी मी उपाशी मारले होते. डायनो उपासमारीत तग धरतात आणि रिकाम्या दगडावर पसरतात. मनाला लागलेली गोष्ट म्हणजे प्रवाळाच्या अंगात राहून त्याला साखर पुरवणारे, त्याला रंग देणारे झूझँथेली हेही डायनोफ्लॅजेलेटच. एकाच कुळातले काही प्रवाळाचं घर चालवतात आणि काही ते गिळतात. शून्य आकड्याने मी प्रवाळाच्या त्या आतल्या सोबत्यांनाही उपाशी ठेवलं होतं. माझे मश्रूम प्रवाळ तेव्हा आक्रसून बटणाएवढे झाले होते.

तपकिरी लाळ डायटमची की डायनोची याची घरगुती परीक्षा सोपी आहे. तंतू नळीने ओढून एका बरणीत टाकीच्या पाण्यासकट घ्या. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, तंतू मोडून पाणी गढूळ होईल. ते कागदी कॉफी फिल्टरमधून एका ग्लासात गाळा आणि ग्लास दिव्याखाली ठेवा. तासाभराने ग्लासात पुन्हा तपकिरी तंतू जमले असतील तर ते डायनो. सुट्या पेशी कागदातून खाली येतात आणि चिकट स्राव सोडून परत एकत्र होतात. मी ग्लास स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला होता. पन्नासाव्या मिनिटाला तळाशी एक धागा दिसला, मग दुसरा.

सूक्ष्मदर्शक मिळाला तर आणखी बरं, कारण डायनोंचे प्रकार आहेत आणि उपायही वेगळे आहेत. सीताफळाच्या बीसारख्या, एका टोकाला निमुळत्या पेशी त्या टोकावर गोल फिरताना दिसल्या तर ऑस्ट्रिऑप्सिस. हे रात्री पाण्यात सुटतात, म्हणून रात्री यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा चालवला तर तिथे मरतात. अँफिडिनियम मात्र वाळूत दडून बसतात, पाण्यात फारसे येत नाहीत, त्यामुळे यूव्हीचा तिथे उपयोग नाही. त्यांच्यासाठी वाळूवर डायटम वाढू द्यायचे म्हणून काही लोक मुद्दाम सिलिकेट घालतात.

माझ्याकडे ऑस्ट्रिऑप्सिस होते. जीएफओ काढून फेकलं, पाणी बदलणं थांबवलं, खाणं वाढवलं, मोजून सोडियम नायट्रेट आणि थोडं फॉस्फेट घातलं. होय, ज्यांच्याशी अडीच वर्षं भांडले तेच विकत आणून टाकीत घातलं. तीन दिवस दिवे बंद ठेवून टाकीला चादर गुंडाळली, आणि छोटा यूव्ही दिवा रात्रंदिवस लावला. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ वर टिकायला तीन आठवडे लागले. लाळ दोन महिन्यांनी गेली. त्यानंतर पहिल्यांदा काचेवर हिरवी भुकटी दिसली तेव्हा मी ती दोन दिवस पुसली नाही.

तेव्हापासून मी शून्याला घाबरते. अल्फ्रेड रेडफील्ड या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने दाखवलं की समुद्री प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण सरासरी सोळास एक असतं. टाकीवाले हे प्रमाण मंत्रासारखं म्हणतात आणि दोन आकडे जुळवत बसतात. ते समुद्रभरच्या सरासरीचं प्रमाण आहे, तुमच्या टाकीचं पथ्य नाही. दोन्ही आकडे शून्याच्या वर आहेत आणि आठवड्या-आठवड्याला फार उड्या मारत नाहीत, एवढं पाहिलं तरी पुरे.

हातमोजे आणि चष्मा

हे कळकळीने सांगते आहे. झोअँथिड आणि पॅलिथोआ हे बटणासारखे दिसणारे प्रवाळवर्गीय जीव छोट्या टाक्यांमध्ये सर्रास असतात, आणि त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हवाईमध्ये १९७१ साली ते वेगळं करण्यात आलं. शेवाळ घालवायला असा दगड उकळत्या पाण्यात टाकला किंवा कोरडा घासला तर ते वाफेतून, शिंतोड्यांतून फुप्फुसात आणि डोळ्यांत जाऊ शकतं, आणि घरातली माणसं इस्पितळात गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. टाकीतला जिवंत दगड कधीही उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. घासताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवसावर ढकला. ऑस्ट्रिऑप्सिसचं विषही याच जातकुळीतलं. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जिनोआच्या किनाऱ्यावर त्यांचा उद्रेक झाला आणि समुद्रावरच्या वाऱ्यानेच सुमारे दोनशे जणांना ताप, खोकला, धाप लागून उपचार घ्यावे लागले. डायनोची लाळ काढताना तोंडाने नळी ओढू नका.

पाणी आणि दिवा

टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालावी लागते. सिंगापूरच्या उकाड्यात माझ्या टाकीत रोज पाऊण लिटर जातं. ही भर नळाच्या पाण्याची असेल तर त्यातलं सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट दिवसेंदिवस साचत जातं. पाणी उडून जातं, ते जात नाही. म्हणून भरीला आणि मीठ कालवायला आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांतून) आलेलं, टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार शून्य दाखवणारं पाणी हवं.

भारतातल्या वाचकांनी इथे सावध राहायला हवं. स्वयंपाकघरातला आरओ प्युरिफायर पिण्यासाठी बनवलेला असतो आणि चवीसाठी पाण्यात काही क्षार मुद्दाम ठेवतो किंवा परत घालतो. साधा टीडीएस मीटर त्या पाण्यात बुडवून पाहा, आकडा बहुधा पन्नासच्या पुढेच दिसेल. आणि रेझिन संपत आलं की सिलिकेट सगळ्यात आधी निसटतं, तेव्हा मीटर अजून शून्यच दाखवत असतो. जुन्या टाकीत अचानक तपकिरी भुकटी आली तर मी पहिल्यांदा रेझिन बदलते.

दिवा दिवसातून आठ तास पुरे. टाकीवर खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा लावा. प्रवाह टाकीच्या पाण्याच्या ताशी वीस ते तीस पट फिरेल असा ठेवा.

पाय पडायला हवेत

आता पाखाडीवरची वर्दळ. साठ लिटरला सर्जनफिश चालत नाही, त्याला कितीतरी मोठी टाकी लागते. कितीही सुंदर दिसला तरी आणू नका. इथे गोगलगायीच खऱ्या कामाच्या. ट्रोकस गोगलगाय माझी आवडती, कारण उलटी पडली तरी स्वतःची स्वतः सुलटी होते. अ‍ॅस्ट्रिया गोगलगायीला ते जमत नाही आणि रात्रीत पडून मरते. टर्बो खाते भरपूर, पण अंगाने मोठी, प्रवाळाचे तुकडे पाडत फिरते. तीन-चार ट्रोकस आणि वाळूसाठी चार-पाच सेरिथ गोगलगायी एवढ्यावर माझी टाकी चालते. पंचवीस-तीस आणून टाकल्या तर महिनाभरात टाकी चकचकीत होते, आणि मग त्या उपाशी मरून, कुजून खत होतात. शेवाळ संपत आलं असं वाटलं तर नोरीचा (वाळवलेल्या खाद्य समुद्री शेवाळाचा) छोटा तुकडा दगडाला रबराने बांधा.

रात्री दिवे गेल्यावर काचेला बॅटरी लावून पाहा. ट्रोकस जिथून गेली तिथे हिरव्या भुकटीत नागमोडी पट्टा उमटलेला असतो, आणि त्या पट्ट्यात दातांच्या बारीक ओरखड्यांची नक्षी असते. एका ट्रोकसने रात्रभरात जवळजवळ वीतभर लांबीची वाट केलेली मी मोजली आहे.

दुसरी वाट म्हणजे खत शेवाळाच्याच रूपात बाहेर काढणं. टाकीच्या मागच्या कप्प्यात एक छोटा दिवा लावून कीटोमॉर्फा वाढवायची, सगळे तिला कीटो म्हणतात. तारेच्या घासणीसारखा हिरवा गुंता होतो. तो नायट्रेट-फॉस्फेट घेऊन वाढतो, आणि महिन्यातून एकदा त्यातला मूठभर उपटून काढला की तेवढं खत टाकीबाहेर गेलं. मला ही पद्धत जीएफओच्या दाण्यांपेक्षा आवडते, कारण आकडे शून्याजवळ गेले की कीटोचीही वाढ मंदावते, दाणे मात्र शेवटचा थेंबही सोडत नाहीत.

काढलेला गुंता बेसिनमध्ये किंवा गटारात टाकू नका. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा टाक्यांमध्ये वाढवलेला वाण समुद्रात सापडला, आणि पुढे तो भूमध्य समुद्रात मैलोन्मैल पसरला. कॅलिफोर्नियात २००० साली तोच सापडला, तेव्हा त्याला ताडपत्र्यांखाली झाकून, क्लोरीन सोडून संपवायला २००६ उजाडलं. मी कीटो पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग कचऱ्यात टाकते.

महाराष्ट्र-गोव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. भारतात सगळे दगडी प्रवाळ, सी फॅन, काळे प्रवाळ, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, म्हणजे वाघाला आहे तेच. ते विकणं, विकत घेणं, किनाऱ्यावरून उचलून आणणं गुन्हा आहे, मग ते मालवणच्या पाण्यातले असोत की अंदमानचे. दुकानदार काहीही म्हणाला तरी आधी खात्री करा. खडक, मासे, गोगलगायी आणि कीटो एवढ्यावरही खाऱ्या पाण्याची सुंदर टाकी उभी राहते, आणि शेवाळाचे हे सगळे हिशेब तिला जसेच्या तसे लागू पडतात.

माझं आठवड्याचं काम आता रविवारी सकाळी पाऊण तासात होतं. पुढची काच पुसते, मागची आणि बाजूची गोगलगायींसाठी तशीच सोडते. दगडांवर पिचकारीने पाण्याचा झोत मारून कचरा उडवते, पाच लिटर पाणी बदलते, दोन आकडे मोजून वहीत लिहिते. गेल्या रविवारी नायट्रेट ६ आणि फॉस्फेट ०.०७ होतं. मागच्या दगडाच्या कडेला, पंपाच्या आडोशाला, बोटाच्या पेराएवढं केसाळ शेवाळ आहे. दोन महिन्यांपासून तेवढंच आहे, आणि रात्री त्याच्या भोवती ट्रोकसची वाट दिसते.